‘फेअर’चा विरुद्धार्थी शब्द कोणता? एका इंग्रजी विशेषणाची उकल, पायरीपायरीने

‘रफ वहीतली गणितं फेअर वहीत उतरवून काढा.’ ‘मुलगी फेअर आहे, उंची पाच-तीन.’ ‘निवड काही फेअर झाली नाही.’ तिन्ही वाक्यं मराठीच आहेत. शब्द एकच, अर्थ तीन, आणि ऐकणारा एकदाही अडखळत नाही. अडखळायला होतं ते इंग्रजी वाचताना आणि लिहिताना. शब्दकोशात फेअरखाली अर्थांची लांबलचक रांग असते. त्यातला ‘न्याय्य’ तेवढा उचलायचा आणि सगळीकडे चिकटवायचा, अशी सवय लागलेली असते. मग ‘फेअर वेदर’चं ‘न्याय्य हवामान’ होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुस्तकविक्रेत्याने ‘फेअर कंडिशन’ लिहिलेलं पुस्तक चांगलं समजून मागवलं जातं.

ही रांग पाठ करून उपयोग नाही. त्याऐवजी दर वेळी एकच प्रश्न विचारावा: या जागी फेअरच्या उलटा शब्द कोणता बसेल? ‘गरम’च्या उलट ‘थंड’ हे ठरलेलं आहे, तसं फेअरचं नाही. त्याला अनफेअर, डार्क, फाउल, रफ असे वेगवेगळे विरुद्धार्थी शब्द आहेत आणि दोन ठिकाणी तर सरळ असा विरुद्धार्थी शब्दच नाही. उलटा शब्द सापडला की सुलटा अर्थ आपोआप हाती येतो.

पहिली पायरी: शब्द तोच आहे ना, हे पाहा

देवनागरीत लिहिलं की दोन वेगळे इंग्रजी शब्द एकसारखे दिसतात. एसटीचं किंवा रिक्षाचं भाडं तेही फेअरच, पण त्याचं स्पेलिंग एफ-ए-आर-ई, म्हणजे केअर, शेअर यांच्यासारखं शेवटी ई असलेलं. आपलं विशेषण एफ-ए-आय-आर. इंग्रजीतही दोघांचा उच्चार एकच, त्यामुळे कानावर विसंबून लिहिणारे इथे हमखास चुकतात. भीती या अर्थाचा शब्द वेगळा, त्याचा उच्चार ‘फिअर’. बोलताना घाईत फिअरचं फेअर झालं तर ऐकणाऱ्याला वाक्याचा पत्ताच लागत नाही.

तिसरा सोबती जास्त फसवा आहे. बुक फेअर, ट्रेड फेअर, जॉब फेअर यांतल्या फेअरचं स्पेलिंगही एफ-ए-आय-आरच, पण ते नाम आहे: जत्रा, मेळावा, प्रदर्शन. कुळही निराळं. जत्रावाला शब्द लॅटिन ‘फेरिया’वरून, म्हणजे सणाच्या दिवसावरून, फ्रेंचमार्गे आला. विशेषण मात्र जुन्या इंग्रजीतलं, मूळ अर्थ ‘सुंदर, सुखद’. ओळखायची खूण सोपी आहे. ‘अ फेअर’ म्हटल्यावर पुढे दुसरं नाम नसेल तर जत्रा. ‘देअर वॉज अ फेअर इन द व्हिलेज’ म्हणजे गावात जत्रा होती. ‘देअर वॉज अ फेअर क्राउड इन द व्हिलेज’ म्हणजे गावात बऱ्यापैकी गर्दी होती. शिवाय जत्रेचं अनेकवचन ‘फेअर्स’ होतं, विशेषणाला इंग्रजीत अनेकवचन नसतं.

दुसरी पायरी: शेजारचं नाम बघा आणि उलटा शब्द बसवून पाहा

फेअर ज्या नामाबद्दल बोलतो ते नाम शोधा. ते फेअरच्या लगेच पुढे असेल, नाहीतर ‘इज’, ‘वॉज’च्या मागे असेल. मग त्या नामाबरोबर हे शब्द क्रमाने लावून पाहा:

अनफेअर बसला: वागणूक, निकाल, किंमत, करार, खेळ, निवडणूक. अर्थ न्याय्य, रास्त.
डार्क बसला: केस, कातडी, माणूस. अर्थ गोरा किंवा सोनेरी केसांचा.
फाउल बसला: हवा, वारा, मार्ग. अर्थ स्वच्छ, अनुकूल.
रफ बसला: वही, प्रत, मसुदा. अर्थ स्वच्छ उतरवलेली.
पुअर आणि गुड यांच्या मध्ये कुठेतरी बसला: अवस्था, श्रेणी, तब्येत. अर्थ बरा, जेमतेम.
काहीच बसलं नाही आणि पुढे अमाउंट, नंबर, बिट, डिस्टन्स असं मोजमाप आहे: अर्थ बराच, पुष्कळ.

चाचणी चालते कशी ते पाहा. ‘अ फेअर डिस्टन्स’ घ्या. अनफेअर अंतर नसतं, डार्क नसतं, फाउल नसतं. म्हणजे बरंच अंतर. आता ‘अ फेअर जज’ घ्या. अनफेअर जज असू शकतो, डार्क केसांचा जजही असू शकतो. दोन शब्द बसले, म्हणजे हे वाक्य एकटं वाचून सुटणार नाही. मागचं-पुढचं वाक्य बघावं लागेल. चाचणीने संदिग्धता उघडी पडते, हा तिचा दुसरा फायदा.

उलटा शब्द ‘अनफेअर’: मराठीत कोणता प्रतिशब्द घ्यायचा?

शब्दकोशात ‘न्याय्य’ पहिला असला तरी भाषांतर करताना तो शेवटी वापरावा. तो भारदस्त आहे आणि रोजच्या वाक्यात पायात खडा आल्यासारखा टोचतो. मराठीकडे या एका अर्थासाठी निदान पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

पैशाचा संबंध आला की ‘रास्त’ किंवा ‘वाजवी’. रेशनच्या दुकानावरची ‘रास्त भाव दुकान’ ही पाटी म्हणजे फेअर प्राइस शॉप. रास्त फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ सरळ, खरा. वाजवी अरबीतल्या ‘वाजिब’वरून. हिंदी सरकारी कागदांत याच जागी ‘उचित’ असतो. त्यामुळे हिंदीवरून मराठी करणाऱ्यांच्या हातून ‘उचित मूल्य दुकान’ लिहिलं जातं. अर्थ कळतो, पण बोली आपली वाटत नाही.

ऊसपट्ट्यात ‘एफआरपी’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. त्यातला एफ म्हणजे हाच फेअर: फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, रास्त आणि किफायतशीर दर. २००९ मध्ये ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये दुरुस्ती झाली आणि जुन्या वैधानिक किमान किमतीच्या जागी हा दर आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या त्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये असा तो ठरला. हा फेअर म्हणजे ‘बऱ्यापैकी’ नव्हे. त्याखाली कारखान्याला जाता येत नाही, आणि ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर आदेशात वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. इथे ‘फेअर प्राइस’चं भाषांतर ‘चांगला भाव’ केलं तर कायद्याचं हे सगळं वजन गळून पडतं. चांगला भाव बाजार देतो, रास्त भाव हक्काने मागता येतो.

वागणूक, प्रथा, करार यांना ‘उचित’ आणि उलट ‘अनुचित’. ग्राहक कायद्यातली ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’ म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. कामगार संघटनांशी संबंधित १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातली ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’ म्हणजे अनुचित कामगार प्रथा. हे ठरलेले शब्द आहेत. अर्ज किंवा तक्रार लिहिताना इथे स्वतःची कल्पकता चालवू नये, ‘अन्यायकारक पद्धत’ असं काही लिहू नये.

चौकशी, परीक्षा, निवडणूक, पंच यांना ‘निःपक्षपाती’. ‘फ्री अँड फेअर इलेक्शन्स’ म्हणजे मुक्त आणि निःपक्षपाती निवडणुका. आणि घरात, अंगणात पोरं ओरडतात ते ‘दॅट्स नॉट फेअर!’ याला न्याय्य, उचित काहीच चालत नाही. ‘हे बरोबर नाही हं!’ किंवा ‘रडीचा डाव!’ एवढंच म्हणावं.

लेखन आणि शिक्षण या क्षेत्रातल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. दुसऱ्याच्या मजकुरातला काही भाग टीका, समीक्षा, संशोधन यांसाठी वापरण्याची मुभा असते. तिला भारतीय कायद्यात, म्हणजे कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, ‘फेअर डीलिंग’ म्हणतात. ‘फेअर यूज’ हा अमेरिकी कायद्याचा शब्द. आपल्याकडे कोणत्या कामांसाठी मुभा आहे ती यादीच कलमात दिलेली आहे. तिकडे चार निकष लावून न्यायालय ठरवतं. इंग्रजीत दोन्ही फेअरच, म्हणून समाजमाध्यमांवर भारतीय माणूस बिनधास्त ‘फेअर यूज’ लिहून मोकळा होतो आणि चुकीच्या देशाचा कायदा ओढवून घेतो.

क्रिकेटमध्ये हा शब्द किती जड आहे ते एका उदाहरणाने कळेल. गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधी पुढे सरकलेल्या नॉन-स्ट्रायकरला धावबाद करणं, हे विनू मांकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनच्या बाबतीत केलं आणि त्या कृतीला त्यांचं नाव चिकटलं. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या संस्थेच्या अलीकडच्या नियमावलीत हा नियम ४१ व्या, म्हणजे ‘अनफेअर प्ले’च्या प्रकरणात होता. ऑक्टोबर २०२२ पासून तो ३८ व्या, ‘रन आउट’च्या प्रकरणात हलवला. फलंदाज आधीही बाद होत होता, आताही होतो. पण ‘अनफेअर’ या मथळ्याखाली असेपर्यंत वाचणाऱ्याला गोलंदाजच कपटी वाटायचा. एका उपसर्गाने केवढा फरक पडतो तो असा.

उलटा शब्द ‘डार्क’: रंगाची गोष्ट, पण कोणाच्या रंगाची?

इथे भारतीय इंग्रजी आणि ब्रिटिश इंग्रजी यांची फारकत होते. आपल्याकडे फेअर म्हणजे कातडीचा रंग, बस. ब्रिटनमध्ये ‘ही इज फेअर’ म्हटलं तर आधी केस डोळ्यांपुढे येतात: फिकट, सोनेरी केसांचा माणूस. कातडी गोरी असणं त्यात आलंच. इंग्रजी कथेत ‘टू ब्रदर्स, वन फेअर अँड वन डार्क’ असं वाचलं आणि पात्रं इंग्रज असतील, तर एक गोरा आणि एक काळा असं नाही. दोघेही गोरेच, एकाचे केस सोनेरी, दुसऱ्याचे काळे. मराठी भाषांतरांत ही चूक वारंवार सापडते, आणि सख्खे भाऊ असे कसे, असा वाचकाला उगाच प्रश्न पडतो.

मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशा छटा आहेत. गव्हाळसाठी भारतीय इंग्रजीने ‘व्हीटिश’ हा शब्द घडवला. तो इथल्या विवाहविषयक जाहिरातीत चालतो, परदेशात समोरचा बुचकळ्यात पडतो. ‘फेअर बाय कलर’ किंवा ‘फेअर कलर’ ही रचना मराठी ‘रंगाने गोरी’ची सही सही नक्कल आहे आणि इंग्रजीत चुकीची आहे. लिहायचंच असेल तर ‘फेअर-स्किन्ड’ किंवा ‘फेअर कॉम्प्लेक्शन’. मात्र परदेशात पाठवायच्या परिचयपत्रात कातडीचा रंग लिहूच नये. तिथे तो उल्लेख असभ्य समजला जातो. इथेही वारा फिरतो आहे: १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातून २०२० मध्ये फेअर गेला आणि ‘ग्लो’ आला.

जुन्या कवितेत आणि परीकथेत ‘फेअर मेडन’, ‘फेअर लेडी’ येते. तिथे रंग, न्याय दोन्ही विसरा. हा शब्दाचा मूळ अर्थ आहे, सुंदर. ‘गोरी कुमारी’ नव्हे, ‘रूपसुंदरी’. आज कुणी ‘अवर फेअर सिटी’ म्हणालं तर त्यात जुन्या भाषेची थोडी थट्टाही असते.

उलटा शब्द ‘फाउल’: हवा, वारा, रस्ता

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या वायुभारमापकाच्या तबकडीवर २८ इंचांपाशी ‘स्टॉर्मी’, २९ पाशी ‘रेन’, साडेएकोणतीसला ‘चेंज’, ३० ला ‘फेअर’ आणि साडेतीसला ‘सेट फेअर’ असे शब्द कोरलेले असतात. दाब वाढला की आभाळ मोकळं होतं, म्हणून काटा उजवीकडे सरकला की फेअर. पाऊस नाही, वादळ नाही एवढाच याचा अर्थ. लख्ख ऊनच पाहिजे असं नाही, थोडे ढग चालतात. म्हणून ‘निरभ्र’ हा प्रतिशब्द जरा जास्तीचा होतो. ‘स्वच्छ हवा’, ‘मोकळं आभाळ’ बरं. आणि पावसाळ्यात दोन सरींच्या मधला कोरडा काळ असेल तर ‘उघडीप’. या शब्दाइतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही.

बांधकाम खात्याच्या इंग्रजीत ‘फेअर-वेदर रोड’ असतो. हा चांगल्या दर्जाचा रस्ता नव्हे. पाऊस नसतानाच ज्यावरून गाडी जाते तो. त्याच्या उलट ‘ऑल-वेदर’, म्हणजे आपला बारमाही रस्ता. निविदा किंवा ग्रामपंचायतीचा कागद वाचताना इथे चूक झाली तर गावाला जूनपासून चिखल तुडवावा लागतो. किनाऱ्यावरही वर्षाचे असेच दोन भाग: ‘फेअर सीझन’ आणि ‘फाउल सीझन’. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला, म्हणून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्यांसारखी वाहतूक थांबते. त्याला फाउल सीझन म्हणतात.

‘फेअर-वेदर फ्रेंड’ याच रस्त्यावरचा. चांगल्या दिवसांत जवळ येणारा, दिवस फिरले की पाठ फिरवणारा. मराठीत ‘असतील शिते तर जमतील भुते’. ‘बाय फेअर मीन्स ऑर फाउल’ म्हणजे भल्याबुऱ्या कोणत्याही मार्गाने. मोटारसायकलच्या पुढचं प्लास्टिकचं आवरण, ‘फेअरिंग’, हेही याच शब्दाचं नातलग. जहाजबांधणीत फेअर करणं म्हणजे कडा, उंचवटे काढून बाक सलग करणं. वारा न अडखळता निघून जावा म्हणून. मेकॅनिक दिवसभर तो शब्द वापरतो, त्याचं गोत्र असं समुद्रावरचं.

उलटा शब्द ‘रफ’: आपण मराठीत बनवलेलं क्रियापद

शाळेत ‘फेअर करणं’ हे चांगलं मराठी क्रियापद झालं आहे आणि ते तसंच राहू दे. घोटाळा होतो तो ते इंग्रजीत परत नेताना. ‘आय हॅव टू फेअर माय जर्नल’ असं कुणी म्हणत नाही. ‘आय हॅव टू मेक अ फेअर कॉपी’ किंवा ‘राइट इट आउट नीटली’ असं म्हणतात. ‘फेअर नोटबुक’ भारतात कळतं, बाहेर नाही. ‘हिज हँडरायटिंग इज फेअर’ याचा अर्थ अक्षर सुंदर असा होत नाही, अक्षर जेमतेम बरं असा होतो. सुंदर म्हणायचं तर ‘नीट’ किंवा ‘ब्युटिफुल’. सरकारी मराठीत फेअर कॉपीला ‘स्वच्छ प्रत’ म्हणतात, आणि खाडाखोड असलेल्या मसुद्यानंतरचा तो कागद पाहिला की शब्द का निवडला ते कळतं.

विरुद्धार्थी शब्द नाही: श्रेणीतला फेअर

सगळ्यात महाग पडणारी चूक या अर्थात होते. श्रेणीत फेअर नेमका कुठे बसतो ते त्या श्रेणीतले बाकीचे शब्द वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी पूर्ण यादी शोधावी, मग शब्द वाचावा.

जुनी नाणी घ्या. अमेरिकी शेल्डन मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. पुअर १, फेअर २, गुड ४, व्हेरी गुड ८, फाइन १२. म्हणजे फेअर हा सत्तरपैकी दोन! अक्षरं झिजलेली, कोणतं नाणं आहे एवढं कसंबसं ओळखू येईल असं. ‘गुड’सुद्धा तिथे चांगलं नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असा उतरता क्रम. फेअर पुस्तकात मजकुराची पानं सगळी असतात, पण सुरुवातीची-शेवटची कोरी पानं गेलेली असू शकतात, बांधणी खिळखिळी असू शकते. नुसतं वाचायचं असेल तर खुशाल घ्यावं, भेट द्यायला किंवा संग्रहाला नको.

अमेरिकेत स्थायिक मंडळींना पतगुणांकात, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांत, हा शब्द भेटतो. तिथल्या ‘फिको’ नावाच्या गुणांकनात ५८० ते ६६९ हा पट्टा फेअर, ६७० पासून गुड. बँकेच्या पत्रात ‘युअर क्रेडिट इज फेअर’ आलं तर खूश होऊ नये. कर्ज मिळालं तरी व्याज जास्त पडतं. याच्या उलट युरोपच्या हवा-गुणवत्ता निर्देशांकात गुडनंतर लगेच फेअर, मग मॉडरेट, पुअर असा क्रम आहे. तिथे फेअर म्हणजे हवा ठीक, फिरायला जा. नाण्यात खालून दुसरा, हवेत वरून दुसरा. भारताच्या निर्देशांकात फेअर हा शब्दच नाही. तिथे दुसरी पायरी ‘सॅटिस्फॅक्टरी’.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात किंवा नोकरीच्या मूल्यमापनात फेअर म्हणजे ‘बरा’, आणि त्यात ‘सुधारायला जागा आहे’ ही ओळ न लिहिता लिहिलेली असते. तब्येत कशी, याला ‘फेअर’ हे उत्तर म्हणजे ‘ठीकठाक’.

‘ओन्ली फेअर’ दिसलं तर दोनदा वाचा. ‘हिज हेल्थ इज ओन्ली फेअर’ म्हणजे तब्येत जेमतेमच. ‘इट इज ओन्ली फेअर दॅट शी गेट्स अ शेअर’ म्हणजे तिला वाटा मिळणं रास्तच आहे. एकात ‘ओन्ली’ खाली ओढतो, दुसऱ्यात ठासून सांगतो. पुढे ‘दॅट’ किंवा ‘टू’ आला की दुसरा अर्थ.

मोजमापाचा फेअर

अ फेअर अमाउंट, अ फेअर बिट, ब्रिटिशांचं अ फेअर फ्यू: तिन्हींचा अर्थ बरंच, बरेच. यात ‘योग्य तेवढं’ असा अर्थ काढू नये. ‘ही हॅज हॅड हिज फेअर शेअर ऑफ ट्रबल’ हे वाक्य मजेदार आहे. शब्दशः ‘त्याच्या वाट्याचा रास्त त्रास’, पण प्रत्यक्षात ‘त्याने काही कमी भोगलेलं नाही’. मात्र वारसाहक्काच्या पत्रात ‘फेअर शेअर’ आला तर तो खरोखरच रास्त वाटा. पैशाचा कागद आणि गप्पा यांत फरक करावा.

फेअरली: एका शब्दाची दोन कामं

‘फेअरली’पुढे विशेषण आलं तर ‘बऱ्यापैकी’. ‘द पेपर वॉज फेअरली डिफिकल्ट’ म्हणजे पेपर बऱ्यापैकी अवघड होता. खूप अवघड नव्हे. फेअरलीचं ‘खूप’ करणं ही नेहमीची चूक. जोर चढत जातो तो असा: अ बिट, फेअरली, क्वाइट, व्हेरी. क्रियापदाशी लागलं तर ‘न्यायाने’. ‘द पेपर्स वेअर फेअरली मार्क्ड’ म्हणजे पेपर पक्षपात न करता तपासले. एरवी गोड विशेषणांबरोबर फेअरली आणि कडू विशेषणांबरोबर ‘रादर’ हा जुना संकेत आहे: फेअरली वॉर्म म्हणजे छान ऊब, रादर वॉर्म म्हणजे जरा उकडतंयच. नियम नव्हे, पण कान तयार करायला चांगला.

‘प्ले फेअर’, ‘फाइट फेअर’ यांत फेअरली नको. इथे फेअर स्वतःच क्रियाविशेषण आहे. ‘फेअर अँड स्क्वेअर’ही तसंच: ‘वी लॉस्ट फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे आम्ही सरळसरळ हरलो, तक्रारीला जागा नाही. शिफारसपत्रात ‘अ फेअर प्लेअर’ लिहिणं टाळावं. वाचणाऱ्याने ‘बरा खेळाडू’ असा अर्थ घेतला तर स्तुतीची निंदा होते. ‘ऑलवेज प्लेज फेअर’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

लिहिताना होणाऱ्या चुका

‘बी फेअर विथ मी’ कानावर येतं, पण माणसाबरोबर ‘टू’ घ्यावा: ‘बी फेअर टू मी’. ‘इट इजन्ट फेअर ऑन हर’ हे ब्रिटिश. तिच्यावर हा भार टाकणं बरोबर नाही, असा रोख. ‘मोअर फेअर’ऐवजी ‘फेअरर’, ‘फेअरेस्ट’.

‘फेअर इनफ’ म्हणजे ‘पुरेसं न्याय्य’ नव्हे. ‘बरं, पटलं’, ‘ठीक आहे’. कधी कधी त्यात मनापासून पटलेलं नसतं, वाद संपवायचा असतो. वरिष्ठांनी सूचना दिल्यावर ‘फेअर इनफ’ असं उत्तर पाठवू नये, ते तोलून मान्य केल्यासारखं वाटतं. ‘फेअर पॉइंट’ मात्र कुणालाही चालतो: मुद्दा बरोबर आहे. ‘टू बी फेअर’ने वाक्य सुरू झालं की पुढे आधी झालेल्या टीकेला थोडी सवलत येणार: ‘खरं सांगायचं तर त्याचंही बरोबर आहे’. ‘फेअर गेम’ म्हणजे चांगला खेळ नव्हे, तर ज्याच्यावर टीका, थट्टा करायला मोकळीक आहे असा माणूस किंवा विषय.

आता एक उतारा सोडवू

‘द वेदर वॉज फेअर, सो अ फेअर क्राउड केम टू द बुक फेअर. मोस्ट ऑफ द ओल्ड बुक्स वेअर इन फेअर कंडिशन, बट द सेलर, अ टॉल, फेअर मॅन फ्रॉम लीड्स, वॉज फेअर अबाउट इट अँड आस्क्ड अ फेअर प्राइस. द बस फेअर होम वॉज अनदर मॅटर.’

आठ फेअर आहेत. वेदरजवळ फाउल बसतो: मोकळी हवा. क्राउडजवळ काहीच बसत नाही आणि गर्दी मोजायची असते: बऱ्यापैकी. बुकनंतरचा फेअर नाम आहे: जत्रा. कंडिशन म्हणजे जुन्या पुस्तकांची श्रेणी, खालून दुसरी: जेमतेम. ‘टॉल’च्या जोडीला आलेला आणि इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या माणसाला लागलेला फेअर डार्कच्या उलट, म्हणजे केसांचा. ‘टॉल’ काढून टाकला तर मात्र ‘सज्जन’ असाही अर्थ डोकावू लागतो. ‘अबाउट इट’मुळे सहावा वागणुकीचा, अनफेअरच्या उलट. सातवा पैशाचा: वाजवी. आठव्याचं स्पेलिंग वेगळं, शेवटी ई: भाडं.

‘हवा मोकळी होती, म्हणून पुस्तकजत्रेला गर्दीही बऱ्यापैकी झाली. जुनी पुस्तकं बहुतेक जेमतेम अवस्थेतली; पण विक्रेता, लीड्सहून आलेला एक उंच, सोनेरी केसांचा माणूस, ते लपवत नव्हता आणि किंमतही वाजवी सांगत होता. परतीच्या बसभाड्याचं काही विचारू नका.’